दाढीआधी तेल लावूनही आग, पुरळ, तुंबलेला रेझर: पुढची बाटली आणण्याआधी काय तपासायचं

दाढीआधी तेल लावायला लागल्यावर पहिले काही दिवस बरे जातात आणि मग येरे माझ्या मागल्या. गळ्यावर चरचर, जबड्याखाली लाल पुरळ, दोन हात मारले की रेझर तुंबलेला. मग खोबरेल सोडून बदाम तेल, बदाम सोडून ऑलिव्ह, आणि शेवटी ‘प्रीशेव्ह ऑइल’ असं लेबल लावलेली इवलीशी महागडी बाटली. कपाटात बाटल्या वाढतात, त्रास जागचा हलत नाही. अशा वेळी पुढचं तेल कुठलं आणू हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तेल केव्हा लावता, किती लावता आणि त्रास दाढीनंतर किती वेळाने सुरू होतो, हे आधी बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

आधी पाणी, मग तेल

दाढीचे खुंट मऊ होतात ते पाण्याने. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि केरॅटिन पाणी शोषून फुगतं. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरून ठेवतो, आणि असा केस कापायला पात्याला बराच कमी जोर लागतो. पण हे भिजणं क्षणात होत नाही. कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं तरी द्यावी लागतात. आंघोळीनंतरची दाढी गुळगुळीत होते त्याचं श्रेय साबणाला किंवा तेलाला नको, या मिनिटांना द्या.

तेलाचं काम वेगळं. ते कातडीवर पातळ थर धरतं आणि पातं घसरायला मदत करतं. तेवढ्या वेळात खुंटाच्या कडकपणावर त्याचा काही परिणाम होत नाही.

आता कोरड्या दाढीवर तेल चोळून वर पाणी मारलं तर काय होणार? पाणी तेलावरून ओघळून जातं आणि खुंट आत कोरडेच राहतात. खोबरेलाच्या बाबतीत तर हे आणखी नडतं. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते मुरायला वेळ दिला तर केसाच्या आतही शिरतं आणि केस पाण्याने फुगण्याला आळा घालतं. डोकं धुण्याआधी लांब केसांना खोबरेल लावण्याचा फायदा होतो तो यामुळेच. दाढीला नेमकं उलटं हवं असतं. म्हणून ‘रात्रीच तेल लावून झोपतो, सकाळी दाढी करतो’ हा प्रयोग ऐकायला छान वाटतो, पण दाढी त्याने सोपी होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, म्हणजे आदल्या दिवसाचा तेलकटपणा निघेल आणि पाणी केसापर्यंत पोचेल. मग दोन-तीन मिनिटं कोमट पाणी. गरम नको, गरम पाण्याने कातडी आधीच लाल होते आणि दोष मग रेझरवर जातो. टॉवेलने पुसू नका. ओल्या चेहऱ्यावरच तेल, तेही तळहातांवर पसरवून, चोळण्यापेक्षा दाबत दाबत. अर्धा मिनिट थांबा आणि त्यावरच फेस करा.

प्रमाण: पूर्ण चेहरा आणि गळा मिळून तीन ते पाच थेंब. बोट फिरवलं की कातडी निसरडी लागली पाहिजे, पण आरशात चेहरा चकाकताना दिसता कामा नये. हनुवटीच्या खाली बोट दाबून उचललं आणि बोटावर तेलाचा थेंब जमला, तर जास्त झालंय.

रेझर तुंबतो, फेस बसतो

दाढी चालू असतानाच जाणवणारा हा त्रास जवळजवळ नेहमी जास्त तेलाचा असतो. फेसाचा बुडबुडा म्हणजे साबणाच्या पाण्याची अतिशय पातळ भिंत. तेलाचा थेंब त्या भिंतीत घुसून पसरला की भिंत फुटते. कारखान्यांत नको असलेला फेस मारायला तेलं आणि सिलिकोन वापरतात ती याच गुणासाठी. आपण तोच प्रकार गालावर करतो आणि साबणाला नावं ठेवतो.

पाणी जड असेल तर भर पडते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे क्षार असतात. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. कार्ट्रिज, म्हणजे रेझरचं बदलता येणारं पात्यांचं डोकं, उजेडाकडे धरून पात्यांच्या मधल्या फटीत पाहा. राखाडी-पांढरा लगदा आणि त्यात रुतलेले केसांचे तुकडे दिसतील. हा लगदा नळाच्या धारेने निघत नाही, कारण तो तेलाने धरून ठेवलेला असतो. कोमट पाण्याच्या पेल्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, रेझरचं डोकं पाच मिनिटं त्यात बुडवून ठेवा, मग हलवून धुवा. पात्यांवर बोट किंवा टॉवेल फिरवू नका. बोटही जाईल आणि धारही.

पाच पात्यांच्या कार्ट्रिजला हा त्रास सर्वांत जास्त, कारण फटी अरुंद. दुधारी ब्लेडच्या साध्या सेफ्टी रेझरचं डोकं उघडून धुता येतं, त्यामुळे तेल लावणाऱ्याला तो जास्त मानवतो. रेझर बदलायचा नसेल तर निदान थेंब कमी करा आणि दर दोन हातांनी रेझर धुवा.

इलेक्ट्रिक शेव्हर वापरत असाल तर त्याआधी तेल नकोच. खुंट कातडीला चिकटून आडवे होतात, जाळीत शिरत नाहीत आणि आत भुगा-तेलाचा राबडा होतो. ओल्या चेहऱ्यासाठी बनवलेला शेव्हर नसेल तर त्याला कोरडी कातडी लागते.

दाढी होताच आग

पहिल्या दहा मिनिटांत आग होत असेल तर तेलाचा नंबर शेवटून लावा. सगळ्यात आधी पातं. २०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवू शकतो. म्हणजे धार झिजून गोल होते एवढंच नाही, तिला दातरेही पडतात. दातरे पडलेलं पातं तेलावरूनही खरवडतच जातं. पातं बदलून दोनदा दाढी करून पाहा. आग गेली तर तेलाचा विषय तिथेच संपला.

मग हाताचा जोर. तेलाने पातं सहज घसरतं, त्यामुळे नकळत आपण जास्त दाबतो आणि एकाच जागेवरून चार-चारदा फिरवतो. गळ्यावर केसांची दिशा एकसारखी नसते. कुणाची वर, कुणाची आडवी, कुणाची कंठाजवळ भोवऱ्यासारखी. दोन दिवसांच्या खुंटांवर उलटसुलट बोट फिरवलं की कळतं. पहिला हात सुलटा, दुसरा हवा असल्यास आडवा. गळ्यावर उलटा हात मारायचा मोह आवरा.

तेलाचा खरा दोष इथे एकाच प्रकारे येतो: त्यात मिसळलेल्या सुगंधी तेलांमुळे. पेपरमिंट, निलगिरी, टी ट्री, लिंबू यांचे थेंब घातलेली तेलं ‘ताजेपणा’ देतात, पण नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर तो ताजेपणा म्हणजे चुरचुर. मोहरीच्या तेलाचा झणझणीतपणाही ज्या द्रव्याने येतो ते द्रव्य कातडीला झोंबणारंच आहे. दाढीसाठी मोहरीचं तेल बादच करा.

दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी पुळ्या

इथे मात्र तेलावर संशय घ्यायला जागा आहे, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. कारण एकाच दिसणाऱ्या लाल पुळीमागे चार वेगवेगळे प्रकार असू शकतात.

एक, केस आत वळणं. भिंग घेऊन खिडकीशी उभे राहा आणि गळ्यावरची पुळी दोन बोटांत ताणून पाहा. आत काळा आकडा किंवा वेटोळं दिसलं तर तो केस कातडीखाली वाढतोय. कुरळ्या केसांच्या लोकांना हे जास्त होतं. बहुपात्यांचा रेझर केस थोडा ओढून कातडीच्या पातळीखाली कापतो, त्याने ते बळावतं. तेल बदलून यात फरक पडत नाही. पाती कमी करा, कातडी ताणून दाढी करणं थांबवा आणि खुंट किंचित राहू द्या. सुईने केस उकरून काढायचा प्रकार नको, डाग राहतात.

दोन, तेलाने छिद्रं बुजणं. याची ओळख सोपी आहे: पुळ्या रेझर जिथे फिरतच नाही तिथेही येतात. गालाच्या हाडावर, कानशिलांवर, कपाळाच्या कडेला, जिथे तळहात सहज लागतो पण पातं लागत नाही. तिथेही बारीक पांढऱ्या डोक्याच्या पुळ्या असतील तर तेल थांबवा. कुठलं तेल छिद्रं किती बुजवतं यावर शून्य ते पाच गुण देणारे तक्ते नेटवर फिरतात. त्यात खोबरेलाला चार मिळतात, म्हणून ते वाईट असं लोक सांगतात. त्या गुणांचं मूळ सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांत आहे, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बिघडतो. तक्ता संशयापुरता ठीक. तुमच्या चेहऱ्याचा निकाल तुमच्या कानशिलांवर वाचा.

तीन, ॲलर्जी. ती लगेच दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी खाज, लालसर चट्टे, कधी बारीक पाणीदार फोड. दोषी बहुधा सुगंध असतो. तीळ किंवा बदाम खाऊन ज्यांना त्रास होतो त्यांनी ती तेलंही चेहऱ्याला लावू नयेत. नवं तेल थेट गालावर लावण्याऐवजी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. तिथली कातडी शांत राहिली तर चेहऱ्यावर घ्या.

चार, कोंड्यासारखे पापुद्रे. नाकाच्या कडेला, भुवयांत, मिशीखाली पिवळसर खपल्या आणि लाली असेल तर तिथे मॅलॅसेझिया जातीचं यीस्ट वाढलेलं असण्याची शक्यता मोठी. हे यीस्ट वनस्पती तेलांतल्या मेदाम्लांवर पोसतं. म्हणजे ‘कोरडेपणा आहे, तेल लावतो’ म्हणत आपण त्याला खुराक घालत असतो. अशांनी वनस्पती तेल सोडावं. खनिज तेल, म्हणजे कॉस्मेटिक दर्जाचं लिक्विड पॅराफिन, त्याला खाता येत नाही.

कुठला प्रकार आहे ते कळत नसेल तर अर्ध्या चेहऱ्याची चाचणी करा. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला फक्त पाणी आणि फेस. पातं, साबण, हात तोच. आठवड्याने बाजू बदला. ही अदलाबदल महत्त्वाची, कारण उजव्या हाताने दाढी करणाऱ्याची एक बाजू मुळातच नीट होते आणि दुसरी ओढाताणीत. त्रास तेलाबरोबर बाजू बदलत गेला तर तेल दोषी. त्रास एकाच गालाला धरून बसला तर मनगट. आणि दोन्ही बाजू सारख्याच असतील तर तुम्हाला तेलाची गरजच नाही, हाही एक निकाल आहे. चांगला फेस आणि पुरेसं पाणी एवढ्यावर असंख्य लोकांची दाढी उत्तम होते.

आता तेल निवडायचंच असेल

स्वस्त तेल म्हणजे हलक्या दर्जाचं तेल असं काही नाही. आधी हिशोब बघा. २० थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. रोज चार थेंब धरले तर १०० मिलिलिटरची बाटली ५०० दाढ्यांना पुरते. रोज दाढी करणाऱ्यालाही ती दीड वर्षाच्या आसपास जाईल, आणि तोवर बहुतेक वनस्पती तेलं उघड्या बाटलीत खवट झालेली असतात. मोठी बाटली घेऊन पैसे वाचत नाहीत, शेवटचं अर्धं तेल फेकायचं असतं. खरी काटकसर लहान बाटलीत आहे.

माझी पहिली पसंती रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई तेलाला. पातळ, जवळपास वासहीन, फेसवॉशने सहज निघणारं, आणि लिनोलेइक आम्ल भरपूर असल्याने कातडीच्या संरक्षक थराशी जुळवून घेणारं. लेबलवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात लिनोलेइक कमी असतं. घाण्याच्या तेलाला चव आणि वास असतो. दाढीला त्या दोन्हींचा उपयोग नाही, आणि ॲलर्जी आणणारी प्रथिनं रिफाइंड तेलात कमी उरतात. एरवी घाण्याचं तेल कितीही चांगलं असो, इथे रिफाइंड बरं.

तेलकट, पुळ्यांच्या किंवा खपल्यांच्या चेहऱ्याला खनिज तेल. लोक त्याला उगाच घाबरतात. शुद्ध कॉस्मेटिक दर्जाचं खनिज तेल वर्षानुवर्षं खवट होत नाही, कातडीत फारसं शिरत नाही आणि ॲलर्जीही क्वचितच करतं. बेबी ऑइल म्हणजे बहुधा हेच, फक्त त्यात सुगंध घातलेला असतो, तेव्हा बिनवासाचं शोधा. शिवणयंत्राचं किंवा यंत्रांचं तेल हे वेगळं प्रकरण आहे, ते चेहऱ्याजवळ आणू नका.

एरंडेल एकटं वापरलं तर नुसता चिकटा. त्यात ८५ टक्क्यांहून जास्त रिसिनोलेइक आम्ल असतं, म्हणूनच ते इतर तेलांपेक्षा कितीतरी पटींनी दाट. पण चार भाग सूर्यफूल आणि एक भाग एरंडेल असं मिसळलं की फेसाखाली टिकणारा निसरडा थर मिळतो. त्या महागड्या छोट्या बाटल्यांच्या मागे घटक वाचा, अनेकदा हीच जोडी आणि वर अत्तर. गळ्याला सतत खरचटणाऱ्यांना हे मिश्रण मी आधी सुचवेन. रेझर तुंबायला लागला तर एरंडेल निम्मं करा.

बदाम तेल चांगलं असतं, बाटली खरी असेल तर. बदामाचं चित्र मोठं आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव खनिज तेलाचं, असं हेअर ऑइलच्या बाबतीत सर्रास दिसतं. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, तेव्हा पहिली दोन नावं वाचली की पुरे. खनिज तेल वाईट नाही, पण बदामाचे पैसे देऊन ते का घ्यायचं?

ऑलिव्ह तेलाची कीर्ती मोठी, पण मी ते दाढीसाठी निवडणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावून पाहिलं, तेव्हा कातडीचा वरचा थर कमकुवत झाला आणि थोडी लालीही आली. सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. दाढीचं तेल पाच मिनिटांत धुतलं जातं, त्यामुळे तेवढं नुकसान होईलच असं नाही. तरी दोन्हींपैकी निवडायची मुभा असताना जास्त दाट आणि बहुधा महाग असलेलं कशाला?

खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं. थंड पाण्याने रेझर धुतला की ते पात्यांत घट्ट बसतं. पुळ्या येत नसतील आणि घरात तेच असेल तर खुंट पाण्याने नीट भिजल्यावर दोन थेंब चालतील. तिळाचं चालतं, वास आवडत असेल तर. जवस नको: ते हवेत सुकून चिकट पापुद्रा होतं, रंगकामात त्याचा वापर होतो तो उगाच नाही. जोजोबा हे खरं तर तेल नसून द्रवरूप मेण आहे, टिकतं भरपूर, चेहऱ्याला मानवतंही. पण स्वस्तात काम होत असताना त्याच्या मागे लागायचं कारण मला दिसत नाही.

बाटली आणि नंतरची काळजी

थेंब पाडता येईल अशी गडद रंगाची छोटी बाटली घ्या. ओल्या बोटांनी झाकण हाताळू नका, आत पाणी जाता कामा नये. दोन-तीन महिन्यांपुरतंच भरा, खिडकीत किंवा गिझरशेजारी ठेवू नका. तेल संपत आलं म्हणून वरून नवं ओतू नका, कारण तळाचं जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. बाटली रिकामी करा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग भरा. वास जुन्या रंगासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा यायला लागला की फेका. खवट तेल झोंबतं, आणि ‘आधी चालत होतं, आता का चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दाढी झाल्यावर कोमट पाण्याने आणि गरज पडली तर थोड्या फेसवॉशने तेल काढा, मगच तुरटी किंवा आफ्टरशेव्ह. तेलाच्या थरावरून तुरटी नुसती सरकते. शॉवरखाली दाढी करत असाल तर फरशीवर साबण टाकून पाय ठेवायची जागा घासून घ्या. चार थेंब तेलही ओल्या फरशीवर माणूस पाडायला पुरतात.

पुळ्यांत पू होत असेल, त्या पसरत असतील, दुखरी गाठ किंवा जाड व्रण राहत असतील तर तेलांचे प्रयोग बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइनसारखं मलम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तरी तेच. त्या औषधांनी कातडी नाजूक होते, आणि तेव्हा दाढी कशाने, किती दिवसांआड करायची हे त्यांनाच विचारा.